कैरी पडली का?

“नाकाला घट्टा पडलाय बघा. बैलाच्या खांद्याला पडतो तसला. आणि वर म्हणायचं, आम्ही बुद्धीचं काम करतो.”

झाकीर हे कुणाला उद्देशून म्हणत नव्हता. तो त्याच्या पडद्याशी बोलत होता. पण आमच्या दोघांच्या खुर्च्यांमध्ये जेमतेम एक पाण्याची बाटली मावते, त्यामुळे त्याची कुरकुर आधी माझ्या कानात शिरते आणि उरलीसुरली हवेत जाते. त्यानं चष्मा काढला, नाक चोळलं, पुन्हा चढवला. थोड्या वेळानं त्याच्या चष्म्याच्या काडीवरचा मोहरीएवढा दिवा हिरवा झाला.

“कैरी,” तो म्हणाला आणि पुढच्या पानावर गेला.

सांगलीत विश्रामबागेला एका गादीवाल्याच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. खाली कापूस पिंजतात, वर आम्ही वाचतो. आम्ही म्हणजे चौघं. वरिष्ठ वाचक आवटी सर, ज्यांच्या क्लासमध्ये एके काळी निम्मी सांगली प्रोग्रॅमिंग शिकली. झाकीर मुजावर, जो मिरजेहून स्कूटरवर येतो आणि दिवसभर बोलतो. तीन आठवड्यांपूर्वी आलेली इरा. आणि मी, शैलजा मगदूम, वय एक्कावन्न, शिक्षण बारावी नापास. बाकीचं सगळं मी आमच्या झेरॉक्सच्या दुकानात शिकले. सरांच्या क्लासची पोरं नोट्सच्या प्रती काढायला यायची. मी दर वेळी एक प्रत जास्त काढायची. हे सरांना मी आजतागायत सांगितलेलं नाही.

यंत्रं स्वतःच प्रोग्रॅम लिहायला लागली त्याला आता बरीच वर्षं झाली. मग एका शहरात एका सकाळी सगळ्या लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबल्या, आणि का थांबल्या हे सांगू शकेल असा एकही माणूस सापडला नाही. तेव्हा कायदा आला. ज्या प्रोग्रॅमवर कुणाचा जीव अवलंबून आहे, त्यातला प्रत्येक बदल एका माणसानं वाचलेला असला पाहिजे आणि त्याला तो समजलेला असला पाहिजे. वाचला की नाही हे तपासणं सोपं होतं. समजला की नाही, हे कसं तपासणार?

म्हणून चष्मा. माणसाला एखादी गोष्ट समजते तो क्षण शरीरावर दिसतो, हे ज्यांनी शोधून काढलं त्यांचं मला खरंच कौतुक वाटतं. डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते, पापणी लवायची थांबते, आणि अर्ध्या सेकंदानं अडकलेला श्वास सुटतो. याच क्रमानं, दर वेळी, पाच वर्षांच्या पोराला आणि पंच्याहत्तरीच्या आजोबांना सारखंच. शिंक जशी ठरवून काढता येत नाही, तसं हेही ठरवून आणता येत नाही. काडीतल्या कॅमेऱ्यानं तो क्रम पकडला की दिवा हिरवा. पान संपूनही नाही पकडला, तर लाल. हिरव्याला झाकीरनं कैरी म्हणायला सुरुवात केली, लाल आपोआप टोमॅटो झाला. ज्याचा टोमॅटो पडेल त्यानं दुपारी सगळ्यांना भडंग आणायचा, असा आमचा रिवाज.

पडद्यावर एक तिसरीही सोय आहे. कोपऱ्यात एक राखाडी बटण, ‘समजलं नाही’. टोमॅटो पडला तर पान परत वाचायला मिळतं, त्यात काही विशेष नाही. पण राखाडी बटण दाबलं की नियमाप्रमाणे वरिष्ठ वाचकानं शेजारी बसून तो बदल समजावून सांगायचा; ऐकताना वाचकाचा दिवा हिरवा झाला की बदल मंजूर. वरिष्ठालाही नाही जमलं, तर तो बदल थांबतो, चौकशी लागते, आणि चौकशी संपेपर्यंत ऑफिसचा वाचनाचा परवाना बंद. झाकीर त्या बटणाला एस.टी.तली संकटकाळी बाहेर पडायची खिडकी म्हणतो. “असती सगळ्या गाड्यांत. उघडताना कुणी बघितलीय का?”

चार वर्षांत आमच्याकडे कुणी उघडलेली नव्हती.

चहा चारला येतो. तेव्हा चष्मे काढून टेबलावर ठेवायचे आणि झाकीरनं बातम्या सांगायच्या.

“ऐकलं का सर, दोन कंपन्यांनी मुलाखती घ्यायला यंत्रं बसवली होती. उमेदवारांनीपण आपापली यंत्रं बसवली. शेवटी यंत्रांनी एकमेकांची मुलाखत घेतली आणि सगळी पास झाली.”

“मग रुजू कोण झालं?” सरांनी विचारलं.

“तेच शोधायलेत.”

सर हसले. त्यांचं हसू मिशीच्या आतच राहतं. “आमच्या वेळी जाहिरात यायची, पाच वर्षांचा अनुभव पाहिजे, आणि ती भाषाच निघून तीन वर्षं झालेली असायची.”

“आता बरं आहे की. भाषाच नाही, अनुभवाचा प्रश्नच मिटला.” झाकीरनं माझ्याकडे वळून विचारलं, “शैलाताई, माझ्या पोराला काय शिकवू सांगा. दहावीला गेलाय.”

“नळकाम शिकव.”

“त्याचंपण यंत्र आलंय. पाइपात सोडतात, आतल्या आत फिरतंय.”

“मग भडंग करायला शिकव. तो खायला तरी माणूस लागतंय.”

असं आमचं चालायचं. बाहेरून कुणी ऐकलं तर वाटेल, ही माणसं किती मोकळी आहेत. जगात कुठली नोकरी गेली, कुठली चालली, यावर आम्ही तासभर बोलू शकायचो. फक्त एका गोष्टीवर बोलायचो नाही. समोरच्या पानावर जे लिहिलेलं असतं, त्यावर.

माझ्यापुरतं सांगते. इथं आले तेव्हा पहिला महिनाभर मी अक्षरशः डोकं आपटून वाचायची. यंत्रानं लिहिलेला प्रोग्रॅम चुकीचा नसतो, वाईटही नसतो. तो फक्त माणसासाठी लिहिलेला नसतो. एका ओळीचा धागा पाच हजार ओळींपलीकडे जातो, तिथून आणखी चाळीस ठिकाणी. कुठल्याही नावाला अर्थ नाही. रोज भडंग मीच आणायची. दुसऱ्या महिन्यात एका दुपारी, असंच पानाकडे बघत असताना मन भरकटलं आणि मला आमच्या दुकानातली कुपनं आठवली. गणपती मंडळाची लकी ड्रॉची तीनशे कुपनं, प्रत्येकावर वेगळा आकडा. भरत, माझा नवरा, एकेक आकडा टाइप करत बसला होता. मी नोट्समधल्या चार ओळी उतरवल्या, आणि प्रिंटरनं आपणहून एक, दोन, तीन म्हणत तीनशेपर्यंत कुपनं काढली. पुढचा आकडा ते स्वतःच घेतं, हे मला त्या क्षणी समजलं होतं. भरतनं कपाळाला हात लावून म्हटलं होतं, “अगं, मी सकाळपासून एकशे बारापर्यंत आलोय.”

हे आठवलं, आणि पडद्याच्या काळ्या कडेत माझ्याच चष्म्याचा हिरवा ठिपका दिसला.

चष्म्याला एवढंच कळतं की काहीतरी समजलं. काय समजलं, ते कळत नाही.

मी घाबरून इकडेतिकडे पाहिलं. सर खिडकीकडे तोंड करून बसले होते, ओठ किंचित हलत होते. झाकीर पानाच्या कोपऱ्यात, जिथं काहीच लिहिलेलं नसतं तिथं बघत गालात हसत होता. त्याचा दिवा हिरवा झाला. त्या दिवसापासून मला कळून चुकलं, आणि त्या दिवसापासून मीही बोलले नाही. आमच्याकडे ‘कैरी पडली का?’ असं कुणीही कुणालाही विचारू शकतं. ‘काय आठवलंस?’ असं विचारायचं नाही.

पण शरीर लबाड असतं. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर धरली की बाहुली म्हणते, हे मला माहीत आहे. एक आठवण फार तर महिना-सव्वा महिना चालते, मग टोमॅटो. कुपनं संपली. मग सायकल शिकताना तोल कुठं असतो ते समजलं होतं, ती संपली. सासूबाई माझ्या आमटीत गुपचूप मीठ का घालतात ते समजलं होतं, म्हणजे त्यांना स्वयंपाकघरातून निवृत्त व्हायचं नव्हतं, ती संपली. भरत रागावतो तेव्हा तो खरं म्हणजे घाबरलेला असतो, हे समजायला मला सात वर्षं लागली होती. ते पुरलं पाच आठवडे.

आणि संपलं म्हणजे फक्त चष्म्यासाठी संपत नाही. ती आठवण मग माझ्याकडेही येते ती छापील येते. भरत म्हणतो, “मी सकाळपासून एकशे बारापर्यंत आलोय,” मला शब्द आठवतात, आवाज येत नाही. भरतला जाऊन सहा वर्षं झाली. माणूस एकदा जातो असं वाटलं होतं. मी त्याला हप्त्याहप्त्यानं घालवत होते, इन्शुलिनच्या पंपासाठी आणि रेल्वेच्या सिग्नलसाठी.

इराचे टोमॅटो मात्र थांबेनात. तीन आठवडे रोज भडंग. एका दुपारी ती जिन्यात बसलेली दिसली. खालून पिंजलेल्या कापसाचे तंतू वर येत होते आणि तिच्या केसांत अडकत होते.

“काकू,” ती म्हणाली, “तुम्हाला खरंच समजतं?”

“सवय होते,” मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी जिन्याचा कठडा बघितला. मग मला तिची दया आली, म्हणून मी म्हटलं, “वाचताना घाबरू नकोस. आपल्याला पूर्वी कधी काही समजलं असेल ना, एकदम, डोक्यात लख्ख, ते आठवायचं. मन शांत होतं.”

तिनं प्रामाणिकपणे विचार केला.

“मला असं एकदम कधी काही समजलेलं नाही, काकू. म्हणजे, मी विचारायची आणि उत्तर यायचं. शाळेत, कॉलेजात. मधला भाग नव्हताच.”

मी तिच्या केसांतला कापूस काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा पहिला दिवा हिरवा झाला. झाकीरनं टाळ्या वाजवल्या, सर “शाब्बास” म्हणाले. मी पाणी प्यायला उठले तेव्हा तिच्या खुर्चीशी थांबले आणि आमचा अलिखित नियम मोडला. हळूच विचारलं, “काय आठवलंस?”

ती पडद्याकडेच बघत होती. “जिन्यात तुम्ही ‘सवय होते’ म्हणालात ना,” ती म्हणाली, “तेव्हा मला समजलं.”

मी पाण्याची बाटली भरून घेतली आणि माझ्या जागेवर येऊन बसले.

रविवारी मी दुकानात गेले. दुकान बंदच असतं, झेरॉक्सचं मशिन भंगारात दिलं, पण दर रविवारी मी शटरला तेल घालते. भरत शेवटचे दहा दिवस दवाखान्यात होता, तेव्हा त्यानं एकच धोशा लावला होता. “शटरला तेल घालत जा.” नळ्या लावलेल्या, बोलायला त्रास होतोय, आणि माणूस शटरबद्दल बोलतोय. मी शेवटी चिडून म्हटलं होतं, “घालीन रे बाबा, दुसरं काही नाही का बोलायला?” तो गेल्यावर दोन महिन्यांनी मी पहिल्यांदा एकटी दुकान उघडायला गेले. ते शटर नेहमी तोच वर करायचा, जड म्हणून मला हात लावू द्यायचा नाही. त्या दिवशी तेल घातलं आणि ते एका हातानं वर गेलं. तिथं फुटपाथवर मला समजलं की तो दहाही दिवस माझ्याबद्दलच बोलत होता.

ही आठवण मी ऑफिसात कधी नेली नव्हती. बाकीच्या सगळ्या वापरून झाल्या होत्या. गेल्या आठवड्यात तर मी नणंदेच्या लग्नातल्या एका मानपानाच्या गैरसमजावर तीन दिवस काढले होते, आणि शुक्रवारी त्याचाही टोमॅटो पडला. आता घरात एवढंच उरलं होतं. मी शटर वर केलं, खाली केलं, तेलाचे हात पुसले आणि घरी आले. घरी कुणी विचारणारं नसतं, कुठं गेली होतीस म्हणून.

सोमवारी जेवणानंतर भिंतीवरच्या फलकावर वाटप लागलं. कुठला बदल कुणी वाचायचा ते चिठ्ठीसारखं निघतं, आपल्याला निवडता येत नाही. माझ्या नावापुढं होतं, निर्झरा, घरगुती डायलिसिस, बदल क्रमांक चार हजार चारशे सतरा.

झाकीरचं बोलणं मधेच थांबलं. त्याच्या अम्मीला मिरजेत घरी निर्झरा यंत्र लावलेलं आहे, आठवड्यातून तीनदा. म्हणून त्या यंत्राचं काम त्याला देत नाहीत. आतापर्यंत योगायोगानं दर वेळी सरांचंच नाव निघालं होतं, आणि सरांनी वाचलंय म्हटल्यावर तो निर्धास्त असायचा. किंवा तसं दाखवायचा.

मी पान उघडलं. पहिल्यांदा खरोखर वाचायचा प्रयत्न केला. रक्तातून किती पाणी काढायचं, किती वेगानं, हे ठरवणारा भाग असावा. ‘असावा’च्या पुढं मी जाऊ शकले नाही. एक आकडा बदलला होता, तो कुठून येतो ते शोधत मी अकरा ठिकाणी गेले आणि बाराव्या ठिकाणी वाट विसरले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा विसरले.

“शैलाताई.”

झाकीरनं चष्मा काढून हातात धरला होता. नाकावर दोन्ही बाजूंना लाल वळ होते.

“अम्मी पाचला बसती मशिनवर,” तो म्हणाला. मग नेहमीचंच, “कैरी पडली का?”

दिवसातून दहादा तो हे विचारतो. आज तो हसत नव्हता. आणि गंमत बघा, त्याच्या चेहऱ्याकडे बघताना शटरची आठवण आपसूक वर यायला लागली. मी बोलावली नव्हती. तेलाचा वास आला, हाताला ते हलकं वजन जाणवलं, आणि आता बाहुली मोठी होणार, श्वास अडकणार, दिवा लागणार, हे मला शिंक येण्याआधी कळतं तसं कळलं. पाच वाजता मिरजेतल्या एका बाईच्या रक्तातून किती पाणी जाणार, हे माझ्या नवऱ्याच्या शटरनं ठरणार होतं.

मी चष्मा ओढून काढला आणि राखाडी बटण दाबलं.

आवाज झाला नाही. फक्त चारही पडद्यांवर एक पट्टी आली: ‘वाचक मगदूम यांना बदल समजलेला नाही. वरिष्ठ वाचकाने समजावून सांगावा. दोघांनी चष्मे घालावेत.’

इरा वळली. झाकीर खुर्चीतून अर्धा उठला होता, तो तसाच राहिला. “ताई, परवाना...” एवढंच म्हणाला आणि खाली बसला. त्याला काय हवं होतं, ते त्यालाही माहीत नसावं. बदल थांबला तर अम्मी आज जुन्याच प्रोग्रॅमवर बसणार होती, जसा तो कालपर्यंत चालत होता तसा. आणि आम्ही चौघं उद्यापासून कुठं बसणार, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

आवटी सर उठले. त्यांनी स्वतःची खुर्ची ओढत आणली. चष्म्याच्या वर त्यांचा स्वतःचा वाचायचा चष्मा चढवला, खिशातून पेन्सिल काढली. पडद्यावर पेन्सिलचा काय उपयोग, पण सरांना हातात पेन्सिल नसली तर वाचता येत नाही. तीस वर्षांपूर्वीच्या त्यांच्या नोट्स मला पाठ होत्या. त्यात समासात बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘इथे थांबा. समजल्याशिवाय पान उलटू नये.’ झेरॉक्समध्ये ते समास अर्धे कापले जायचे, म्हणून मी प्रत मुद्दाम सरकवून काढायची.

“कुठं अडलंय, बाई?”

“पहिल्यापासून, सर.”

त्यांनी पहिल्या ओळीवर पेन्सिल ठेवली. मी चष्मा घातला. सर वाचायला लागले. ओळीमागून ओळ पेन्सिल सरकत होती, मग मागं येत होती, मग पुन्हा पुढं. खाली पिंजण्याचं यंत्र थांबलं, बहुतेक त्यांची चहाची वेळ झाली. आमचा चहा आला, पोऱ्यानं चार कप ठेवले आणि कुणी हात लावत नाही असं बघून निघून गेला. सरांची पेन्सिल बाराव्या ठिकाणी आली. मी जिथं वाट विसरले होते, तिथंच. मला वाटलं, आता ते समजावतील. सरांनी समजावलं की समजतंच, असं निम्मी सांगली म्हणायची.

पेन्सिल तिथंच थांबली. मग सरांनी ती टेबलावर आडवी ठेवली, चहाच्या कपाशेजारी, अगदी सरळ.

“सर,” झाकीर म्हणाला, “मागचे सगळे तुम्हीच वाचले होते ना? अम्मीच्या मशिनचे?”

सरांनी वाचायचा चष्मा काढला. त्यांना उत्तर झाकीरला द्यायचं होतं, पण ते माझ्याकडे बघून बोलले. कदाचित मी जवळ होते म्हणून.

“मला समजत नाही, बाई,” ते म्हणाले. “पहिल्या दिवसापासून एकही समजलेला नाही.”

पडद्याच्या काळ्या कडेत माझ्या चष्म्याचा दिवा हिरवा झाला.